मडक्यातले मूठभर पीठ

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत अडचणीत सापडलेल्या कुटुंबाला भेटायला गेलेला माणूस निघताना एक वाक्य हमखास बोलतो: "देव पुरवील." हे वाक्य खरे आहे, आणि ते ज्या मायेने बोलले जाते तिच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. देवाच्या आज्ञेवरून आपल्या मुलाचेच अर्पण करायला निघालेल्या अब्राहामाला मोरियाच्या डोंगरावर चढताना त्या मुलाने, इसहाकाने, विचारले की होमार्पणासाठी कोकरू कोठे आहे, तेव्हा त्याने हेच उत्तर दिले होते. मात्र ते उत्तर देताना अब्राहामाच्या हाती अग्नी आणि सुरा होता, मुलाच्या खांद्यावर लाकडे होती, आणि देवाने सांगितलेली जागा डोळ्यांना दिसायला त्याला तिसरा दिवस उजाडला होता. ते वाक्य वाटेवर चालणाऱ्या माणसाच्या तोंडचे आहे. आपण ते पुष्कळदा खुर्चीत बसून बोलतो आणि ऐकणाराही ते खुर्चीत बसूनच ऐकतो, म्हणून त्याचा अर्धा अर्थ हरवतो. गेल्या काही वर्षांत, विशेषतः 2020 नंतर पुण्यात आमच्या कुटुंबावर आणि मंडळीवर जे दिवस आले त्या काळात, मी पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, पुरवठ्याच्या कथा पुन्हा पुन्हा वाचल्या, आणि मला असे दिसले की जवळपास प्रत्येक कथेत पुरवठ्याच्या अगोदर एक आज्ञा उभी आहे, ती आज्ञा गैरसोयीची आहे, आणि पुरवठा त्या आज्ञेच्या वाटेवर भेटतो, तोही बहुधा त्या दिवसापुरता.

या बाबतीत '1 राजे' या पुस्तकाचा सतरावा अध्याय मला सर्वांत जवळचा वाटतो. एलीया संदेष्टा इस्राएलचा राजा अहाब याच्यापुढे उभा राहून सांगतो की माझ्या शब्दावाचून या वर्षांत दहिवर किंवा पाऊस पडणार नाही. ही आज्ञाधारकपणाची कृती आहे, पण तिचा पहिला परिणाम असा की ज्या दुष्काळाची घोषणा त्याने केली तोच दुष्काळ त्याच्याही वाट्याला आला. देवाचे ऐकणाऱ्याच्या शेतावर वेगळा पाऊस पडला असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. देव त्याला यार्देनेच्या पूर्वेकडील करीथ ओहळापाशी लपायला सांगतो आणि कावळे त्याला सकाळ-संध्याकाळ भाकर व मांस आणून देतात. कावळा हा मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे निषिद्ध पक्षी. त्याच्या चोचीतून आलेले अन्न घेताना त्या संदेष्ट्याला आपल्या शुचितेच्या किती कल्पना बाजूला ठेवाव्या लागल्या असतील, याचा विचार उपदेशांतून क्वचितच मांडला जातो.

आणि मग ओहळ आटतो. देशात पाऊस नसल्यामुळे तो आटला, इतकेच कारण शास्त्र देते. एलीयाचे काही चुकले म्हणून आटला असे नाही. मला या एका वचनाने फार आधार दिला आहे, कारण आपल्यातील पुष्कळ विश्वासणारे लोक मिळकतीचा झरा आटू लागताच आपण चुकीच्या जागी आलो, आपल्यावर देवाची नाराजी आहे, असा निष्कर्ष काढून मोकळे होतात, आणि त्यांना भेटायला येणारे काही लोक तो निष्कर्ष अधिक घट्ट करून जातात. ओहळाची जागा देवानेच दाखवली होती, आणि तरीही तो आटला. एलीया मात्र पाणी रोज कमी होताना पाहत तिथेच थांबतो. पुढचा शब्द त्याच्याकडे पाणी संपल्यावर येतो, त्याआधी येत नाही. त्या मधल्या दिवसांविषयी शास्त्र काही सांगत नाही, पण ज्याने महिनाअखेरीला रिकामे होत जाणारे बँकेचे पासबुक पाहिले आहे त्याला ते दिवस कसे गेले असतील हे समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढचा शब्दही सोपा नाही. सीदोन प्रांतातील सारफथास जा, तेथील एका विधवेला तुझे पोषण करण्याची आज्ञा मी केली आहे, असे देव म्हणतो. सीदोन म्हणजे अहाबाची राणी ईजबेल हिचे माहेर, म्हणजे जिच्या भीतीने लपायचे तिच्याच बापाचा मुलूख. आणि विधवा म्हणजे त्या काळच्या समाजात स्वतःच आधार शोधणारी बाई. एलीया वेशीपाशी पोचतो तेव्हा ती काटक्या वेचत असते. तिच्याकडे मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडे तेल आहे. त्याची शेवटची भाकर करून ती आणि तिचा मुलगा खाणार आणि मग मरणार, असे ती त्याला सरळ सांगते. अशा बाईला एलीया म्हणतो की आधी माझ्यासाठी लहानशी भाकर करून आण आणि मग तुमच्यासाठी कर.

हा उतारा उपदेशपीठावरून वापरताना हात कापायला हवेत, असे मी मनापासून मानतो. पैशाच्या अडचणीत असलेल्या माणसाला "आधी देवाला द्या, मग देव दसपट देईल" असे सांगून त्याच्या खिशातील शेवटच्या नोटेला हात घालणारे उपदेशक मी पाहिले आहेत, आणि ते याच विधवेचा दाखला देतात. त्यांनी पुढची ओळ वाचावी. एलीया ती भाकर घेऊन निघून गेला नाही. तो त्याच घरात राहिला, त्याच मडक्यातील पीठ पुष्कळ दिवस त्या तिघांनी मिळून खाल्ले, आणि मडके रिते झाले असते तर त्या विधवेबरोबर त्यालाही उपाशी राहावे लागले असते. जो स्वतः त्या मडक्यावर अवलंबून नाही, त्याने गरिबाकडे त्याची पहिली भाकर मागू नये.

त्या मडक्याविषयीही शास्त्र मोजूनमापून बोलते. पीठ सरले नाही आणि तेल आटले नाही, एवढेच लिहिले आहे. घरात पोती येऊन पडली, कणगी भरली, असे काही घडले नाही. रोज सकाळी त्या बाईने मडक्यात हात घातला तेव्हा तिच्या हाताला पीठ लागले, आणि उद्या ते लागेल याची खूण म्हणून तिच्याजवळ देवाच्या शब्दाशिवाय काहीही नव्हते. पाऊस पडेपर्यंत हे असेच चालायचे होते. श्रीमंत होण्याची वाट म्हणून जे लोक आज्ञापालनाकडे पाहतात त्यांची या कथेने निराशाच होईल, पण ज्याला फक्त उद्याचा दिवस काढायचा आहे त्याच्यासाठी या कथेत भरपूर आहे.

अरण्यात इस्राएल लोकांना देवाने दिलेले अन्न, मान्ना, तोही याच मापाने मिळत होता. माणशी एक ओमर (त्या काळचे एक माप), रोजच्या रोज. सकाळपर्यंत साठवला तर किडे पडत, आणि सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचा, कारण सातव्या दिवशी मिळणार नव्हता. हे वाचताना मला नेहमी माझी आजी आठवते. तिचे घर नगर जिल्ह्यात, शेवगाव तालुक्यातील एका गावी होते. 1972 च्या दुष्काळात तिने खडी फोडली. ज्यांच्या घरांत त्या वर्षांच्या आठवणी आहेत त्यांना तांबडी मिलो ज्वारी, कामावरच्या पोरांना मिळणारी सुकडी, पाझर तलावांची आणि रस्त्यांची कामे, आणि उन्हात हातोडा मारून हाताला आलेले घट्टे हे सारे वेगळे सांगावे लागत नाही. आजीच्या कामावर सुट्टी असे ती आठवडी बाजाराच्या दिवशी, त्यामुळे रविवार हा कामाचा दिवस होता. आजी रविवारी जात नसे. गावातील चार ख्रिस्ती घरांपैकी काही जात, आणि त्यांना तिने कधी नावे ठेवल्याचे कोणाला आठवत नाही. पण ती स्वतः जात नसे, कारण प्रभूचा दिवस पाळायचा हे तिने बाप्तिस्म्याच्या वेळी कबूल केले होते आणि तिच्या दृष्टीने दुष्काळामुळे ती कबुली रद्द होत नव्हती. त्या दिवसाची मजुरी बुडे. त्या बदल्यात शनिवारी कोणी तिला दुप्पट मजुरी दिली नाही, कोठून धान्याची गाडीही आली नाही. माझ्या आईने तिला म्हातारपणी विचारले होते की तेव्हा कसे भागले, तर आजी एवढेच म्हणाली, "पुरलं, बाई." शेजारच्या घरांत जितकी उपासमार होती तितकीच तिच्याकडेही होती, आणि तिची मुले त्या दुष्काळातून जगली. आईने हे मला सांगितले तेव्हा मी तरुण होतो, आणि या गोष्टीत चमत्कार कोठे आहे असे मला वाटले होते. आता तसे वाटत नाही.

पुण्यात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला या विषयावर बोलताना पंडिता रमाबाईंना वगळता येत नाही. पुणे-सोलापूर लोहमार्गावर दौंडच्या अलीकडे केडगाव लागते, आणि तेथील निराधार स्त्रिया-मुलींसाठीचे मुक्ती मिशन आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत; पण ते कसे उभे राहिले याचा क्रम नीट लक्षात घेतला, तर आज्ञा आणि पुरवठा यांचे नाते फार स्पष्ट दिसते. रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती पुण्यात आणली. या कामाला अमेरिकेतील त्यांच्या हितचिंतकांच्या संस्थेने दहा वर्षे पैसे पुरवण्याचे वचन दिले होते. आज आपण ज्याला निधीची हमी म्हणतो ती त्यांच्याजवळ होती. 1893 मध्ये सदनातील मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्यात मोठे वादळ उठले, पुष्कळ मुली काढून नेल्या गेल्या, सल्लागार मंडळातील प्रतिष्ठित माणसे दूर झाली, आणि तरीही काम चालू राहिले.

मग 1896 चा दुष्काळ आला. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील 1870 च्या दशकातील दुष्काळात, रानावनांतून आणि तीर्थक्षेत्रांतून भटकत असताना, अन्नावाचून गेले होते. भुकेने माणसाचे शरीर आणि मन कसे मोडते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. मध्य प्रांतात दुष्काळाने निराधार झालेल्या मुली वाईट लोकांच्या हाती पडत आहेत हे कळल्यावर त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. हे लक्षात घ्यायला हवे की जे पैसे येत होते ते मर्यादित संख्येच्या शाळेसाठी होते. दुष्काळातून आलेल्या, आजारी, हाडे निघालेल्या शेकडो मुलींच्या जेवणाची, औषधाची, कपड्यांची कोणतीही तरतूद त्या निघाल्या तेव्हा झालेली नव्हती. त्यातच पुण्यात प्लेग पसरला आणि इतक्या मुली शहरात ठेवण्याची मुभा राहिली नाही. केडगावची जमीन त्यांनी आधी घेऊन ठेवली होती, ती आता कामी आली. सुरुवातीला तेथे इतक्या मुलींसाठी धड इमारतीही नव्हत्या. 1898 मध्ये अमेरिकेतील संस्थेच्या वचनाची दहा वर्षे पूर्ण झाली, आणि 1900 च्या आसपास गुजरातेतील दुष्काळातून आणखी मुली आल्या तेव्हा मुक्तीमधील संख्या दोन हजारांच्या जवळपास पोचली.

या क्रमात मला जे दिसते ते असे: जोवर माणसे मोजकी होती तोवर हमी होती, आणि हमीची मुदत संपत आली नेमके तेव्हाच आज्ञा मोठी झाली. ब्रिस्टलमध्ये कोणाकडेही पैसे न मागता अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचे अनुभव रमाबाईंनी वाचले होते, आणि जो देव त्यांना पुरवतो तो हिंदुस्थानात का पुरवणार नाही, हा प्रश्न त्यांनी मनाशी धरला होता. तथापि त्या नुसत्या प्रार्थना करत बसल्या असे कोणी समजू नये. मुक्तीमध्ये शेती होती, विहिरी खणल्या गेल्या, विणकाम होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता; मुलींना हाताला काम शिकवले जात होते. विश्वास आणि कष्ट यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची आपली सवय त्यांना नव्हती. त्या पहाटे प्रार्थनेला बसत आणि नंतर हिशोब, बांधकाम, शिक्षण आणि बायबलचे मराठी भाषांतर यांत दिवस घालवत. आणि हेही सांगितले पाहिजे की त्या दुष्काळातून आणलेल्या सर्व मुली वाचल्या नाहीत. काही इतक्या खंगलेल्या होत्या की त्यांना अन्न मिळूनही उपयोग झाला नाही. त्यांच्यासाठी खणलेल्या कबरी हासुद्धा त्या आज्ञाधारकपणाचाच भाग होता.

माझे स्वतःचे काम याच्यापुढे फार लहान आहे, पण मी जे मानतो ते कोठे तपासले गेले हे सांगितल्याशिवाय हा विषय माझ्याकडून प्रामाणिकपणे मांडला जाणार नाही. भोसरीत भाड्याच्या शेडमध्ये माझे छोटे वर्कशॉप आहे. लेथ, मिलिंग, ड्रिलिंग अशी यंत्रे. वाहन उद्योगाला लागणाऱ्या सुट्या भागांचे जॉबवर्क. 25 मार्च 2020 पासून टाळेबंदी लागली आणि यंत्रे थांबली. माझ्याकडचे कामगार उत्तर प्रदेशातील आणि मराठवाड्यातील होते. बायबलमधील अनुवाद आणि लेवीय या पुस्तकांत मजुराच्या मजुरीविषयी जी आज्ञा आहे ती आमच्या घरी लहानपणापासून पाठ होती: तो गरीब आहे, त्याचा जीव त्या मजुरीवर लागलेला आहे, सूर्य मावळण्यापूर्वी ती त्याला दे. मार्चमध्ये त्यांनी केलेल्या कामाचे सगळे पैसे आम्ही दिले, आणि पुढे यंत्रे बंद असतानाही जे शक्य होते ते त्यांच्या गावी पाठवत राहिलो. माझी पत्नी घराचा हिशोब वहीत लिहिते. त्या महिन्यांत तिने वहीच्या पहिल्या ओळीवर कामगारांची रक्कम लिहिली आणि त्याच्या खाली किराणा. मी तिला तसे करायला सांगितले नव्हते.

काम पुन्हा सुरू झाले तेव्हा खरी परीक्षा आली. आमच्या कामाचा मोठा हिस्सा ज्या एका गिऱ्हाइकाकडून येत असे, तेथील खरेदी पाहणाऱ्या माणसाने मला बिले वाढवून द्यायला आणि वरची रक्कम रोखीने परत करायला सांगितले. या धंद्यातल्या लोकांना यात नवे काही वाटणार नाही, आणि मला ज्यांनी व्यवहार सांभाळून घेण्याचा सल्ला दिला ते माझे वाईट चिंतणारे नव्हते. त्यांचे म्हणणे असे की बँकेचा हप्ता, शेडचे भाडे आणि कामगारांची घरे यांचा विचार कर. पण खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, हे नीतिसूत्रांतील वचन ज्या ठिकाणी लावायचे ती हीच जागा होती. येथे नाही लावले तर ते रविवारी मोठ्याने वाचण्यात काय अर्थ? मी नकार दिला. काम आधी कमी झाले आणि मग बंद झाले. ते गिऱ्हाईक आजतागायत परत आलेले नाही, आणि यंत्रासाठी घेतलेले कर्ज मी अजून फेडतो आहे.

या काळात आम्ही कसे जगलो हे सांगताना मला सारफथची विधवा वेगळ्या अर्थाने कळली. देवाने एलीयाला पोसण्यासाठी इस्राएलातील एखादे भक्तिमान घर निवडले नाही. त्याने परक्या मुलखातील परक्या धर्माची बाई निवडली. आमच्या घराजवळचे किराणा दुकानदार राजस्थानातून येथे स्थायिक झालेले गृहस्थ आहेत. त्यांचा आणि आमच्या मंडळीचा काही संबंध नाही, त्यांच्या दुकानात गणपती-लक्ष्मीची तसबीर आहे आणि रोज सकाळी ते तिच्यापुढे उदबत्ती लावतात. आमचे खाते वाढत चालले हे त्यांच्या लक्षात आले होते, आणि मी एकदा यादी कमी करू लागलो तेव्हा त्यांनी ती माझ्या हातातून घेऊन पूर्ण भरली आणि म्हणाले, "भाऊ, हिशोब नंतर बघू, आधी सामान न्या." दुसऱ्या बाजूला कामही आले, पण ज्या बाजूने मी कधी पाहिले नव्हते त्या बाजूने: विहिरीवरच्या पंपांचे शाफ्ट, उसाच्या रसाच्या यंत्रांचे रोलर, असली फुटकळ दुरुस्तीची कामे शिरूर आणि चाकणकडच्या ओळखीतून येऊ लागली. एकेक काम लहान होते, पैसे मात्र रोखीने मिळत. शनिवारी संध्याकाळी कामगारांना पैसे देऊन झाले की घरासाठी जे उरे ते पुढच्या शनिवारपर्यंतचे असे. आम्ही दोघांनी देवाकडे पुष्कळदा तीन महिन्यांची तरतूद मागितली होती. ती मिळाली नाही. आठवडा मात्र दर वेळी निघाला.

हे सारे मी लिहितो तेव्हा ज्यांचा आठवडा निघाला नाही त्यांच्याविषयी गप्प बसणे मला पाप वाटते. 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत, दुसऱ्या लाटेत, या शहरात रुग्णालयातील खाटेसाठी आणि ऑक्सिजनसाठी लोक रात्रंदिवस धावत होते. आमच्या मंडळीतील एक वडील (मंडळीचे पुढारी), ज्यांनी आधीच्या वर्षी टाळेबंदीत स्वतःच्या स्कूटरवरून घरोघरी धान्याच्या पिशव्या पोचवल्या, ते त्या लाटेत गेले. त्यांच्याइतका आज्ञाधारक माणूस मी थोडाच पाहिला आहे. प्रभू येशूने नासरेथच्या सभास्थानात स्वतःच सांगितले की एलीयाच्या काळात, साडेतीन वर्षे पाऊस नव्हता तेव्हा, इस्राएलात पुष्कळ विधवा होत्या आणि एलीयाला एका सारफथच्या विधवेकडेच पाठवले गेले. बाकीच्या विधवांचे काय झाले? प्रेषित पौलही करिंथच्या मंडळीला लिहिताना आपली तहान, भूक, थंडी आणि उघडेपणा लपवत नाही. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो यांनी, मूर्तीला नमन न केल्यास भट्टीत टाकीन म्हणणाऱ्या बाबेलच्या राजाला, सांगितले की आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने तसे केले नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. आज्ञापालनाने देवावर आपला काही हक्क तयार होतो, त्याने आता दिलेच पाहिजे, असे ज्याला वाटते त्याला या वचनांचे काही करता येणार नाही.

त्या विधवेच्या कथेचा उरलेला भाग आपण फार कमी वेळा वाचतो. पीठ सरत नव्हते, तेल आटत नव्हते, देवाचा माणूस घरात राहत होता, आणि तरीही तिचा मुलगा आजारी पडून मेला. ती एलीयाला म्हणते की माझ्या पापाची आठवण करून देऊन माझ्या मुलाला मारायला तू येथे आलास काय? इतका कडू प्रश्न. आणि एलीया तिला विश्वास कमी पडला असे म्हणत नाही, धीर धर असेही म्हणत नाही. तो मुलाला तिच्या कुशीतून घेतो, माडीवर आपल्या बिछान्यावर ठेवतो, आणि तिचाच प्रश्न देवापुढे मांडतो: ज्या विधवेच्या घरी मी राहतो तिच्यावरही तू हे अरिष्ट आणलेस काय? ते मूल पुन्हा जिवंत झाले. आमच्या मंडळीतील ते वडील उठले नाहीत, आणि त्यांच्या पत्नीने मला असाच प्रश्न विचारला तेव्हा मी त्याचे उत्तर दिले नाही. मी तो तिच्यासमोरच प्रार्थनेत देवाला विचारला. तिला आणि मला देवाकडून जे मिळायचे आहे ते पुनरुत्थानाच्या दिवशी मिळेल असा माझा विश्वास आहे, पण त्या दिवसापर्यंत तिला घरभाडे द्यायचे आहे.

म्हणून, "देव पुरवील" हे वाक्य ज्याला बोलायचे आहे त्याने याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आधी वाचावा, अशी माझी विनंती आहे. उघड्या आणि भुकेल्या भावाबहिणीला "सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा" असे म्हणून त्याला लागणारी वस्तू दिली नाही तर त्याचा काय उपयोग, असे याकोब विचारतो. पुरवठ्याची अर्धी कथा एलीयाची आहे आणि अर्धी त्या विधवेची. ज्याच्याजवळ काही नाही त्याला विश्वास ठेवायला सांगितले आहे, आणि ज्याच्याजवळ मूठभर आहे त्याला भाकर करायला सांगितले आहे. हल्ली मी आणि माझी पत्नी कोणाच्या घरी प्रार्थनेला जातो तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन घरच्या बाईशी बोलते, गॅस आहे का, मुलांची फी भरली का, दुकानाचे खाते किती झाले, हे विचारते, आणि आम्ही ते लिहून घेतो. काही लोकांना हे आवडत नाही, आध्यात्मिक भेटीत पैशाची गोष्ट कशाला असे ते म्हणतात. मला त्यांचे म्हणणे पटत नाही.

आमच्या मंडळीत कापणीच्या सणाला लोक भाजीपाला, फळे, धान्य, कोंबड्या, घरी केलेले पदार्थ आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. आजवर त्याची सगळी रक्कम इमारतीच्या निधीत जाई. येत्या बैठकीत मी वडीलमंडळापुढे असा ठराव ठेवणार आहे की यंदापासून त्यातील निम्मी रक्कम मंडळीतील आणि वस्तीतील विधवांच्या घरभाड्यासाठी आणि औषधांसाठी वेगळी काढावी, आणि ती देताना कोण कोणत्या मंडळीचे आहे हे विचारू नये. इमारतीच्या छताचे काम अर्धे राहिले आहे आणि त्यासाठी पैसे कोठून येतील, हा प्रश्न बैठकीत नक्की विचारला जाईल. छताचे पत्रे आणि त्यांना आधार देणाऱ्या लोखंडी कैच्या यांचा अंदाज मी काढून ठेवला आहे, आणि कैच्यांचे वेल्डिंग माझ्या वर्कशॉपमध्ये मजुरी न घेता करून देण्याचे मी कबूल केले आहे.